रडारवरचा लाल ठिपका आणि ताटातला मैदा

ठाण्यात घोडबंदर रोडवर राहणारी माणसे पावसाळ्यात घराबाहेर पडण्यापूर्वी येऊरच्या डोंगराकडे पाहतात आणि हल्ली त्याच्या जोडीने मोबाइलवर हवामान खात्याचे रडार-चित्रही उघडतात. त्यावरचा लाल ठिपका म्हणजे मुसळधार पाऊस, असे आपण धरून चालतो. वस्तुतः रडार पाऊस मोजतच नाही. थेंबांवर आदळून परत आलेल्या लहरी किती जोरकस आहेत, एवढेच ते मोजते.

कुलाब्याचे डॉप्लर रडार सुमारे १० सेंटिमीटर लांबीच्या लहरी सोडते. थेंब त्यांच्या मानाने फारच लहान असल्यामुळे परतणाऱ्या लहरींचा जोर थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताप्रमाणे वाढतो. २ मिलिमीटरचा एक थेंब १ मिलिमीटरच्या ६४ थेंबांइतका रडारला दिसतो. पाणी मात्र त्यात आठच थेंबांचे असते.

हा फरक घरीही पाहता येतो. ताटात चाळलेला मैदा पसरून ते दोन-तीन सेकंद पावसात धरावे आणि वाळल्यावर मैदा चाळून घ्यावा. प्रत्येक थेंबाची एकेक गोळी चाळणीत उरते. विल्सन बेंटली या अमेरिकी शेतकऱ्याने १९०४ च्या सुमारास याच पद्धतीने थेंब मोजले होते. मेअखेरच्या वळवाच्या सरीत गोळ्या मोजक्या, पण मसुराएवढ्या मिळतात. जुलैच्या संततधारेत त्या मोहरीएवढ्या आणि पुष्कळ असतात. त्यामुळे चित्रावर दोन्ही दिवशी रंग एकच असला, तरी अंगणात साचणारे पाणी जुलैत जास्त असू शकते. म्हणूनच रडारचे आकडे जमिनीवरच्या पर्जन्यमापकांशी ताडून पाहावे लागतात.

आता डॉप्लरविषयी. गाडीच्या भोंग्याचे उदाहरण शाळेत सर्वांनी घोकलेले असते, ते पुन्हा सांगत नाही; तत्त्व एवढेच की जवळ येणाऱ्या वस्तूवरून परतलेल्या लहरींची कंपने वाढतात आणि दूर जाणाऱ्या वस्तूवरून परतलेल्यांची घटतात. सेकंदाला १० मीटर वेगाने जवळ येणारा थेंब लहरीच्या दर सेकंदाच्या सुमारे २८० कोटी कंपनांत जेमतेम २०० कंपनांची भर घालतो. इतका सूक्ष्म बदल थेट मोजण्याऐवजी रडार लागोपाठच्या स्पंदांमधील कलेचा (म्हणजे परतलेली लहर आपल्या चढ-उताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे, याचा) फरक पाहते आणि त्यावरून वेग काढते. पण हा वेग केवळ रडारच्या रोखाने जाणारा किंवा येणारा असतो. ठाणे कुलाब्याच्या उत्तर-ईशान्येस असल्याने, समुद्राकडून थेट पूर्वेला येऊरवर धडकणाऱ्या वाऱ्याचा निम्म्याहून कमी वेग कुलाब्याच्या रडारला जाणवतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर कुलाब्यात सुमारे ७४. एकाच शहरात ढग इतके वेगळे वागतात, तिथे एका ठिकाणच्या नजरेने भागत नाही. जोगेश्वरीजवळ वेरावलीला दुसरे रडार २०२२ मध्ये सुरू झाले. ते ठाण्याच्या अधिक जवळ आहे आणि ठाण्याकडे ईशान्येच्या रोखाने पाहते. त्यामुळे येऊरवर येणारा तोच वारा त्याला कुलाब्याच्या रडारपेक्षा जास्त जाणवतो.