साठेखत झालं म्हणजे जमीन आपली झाली? नाही हो!

गावाकडं अजून सर्रास ऐकायला मिळतं, साठेखत (म्हणजे जमीन पुढे विकण्याचा करार) रजिस्टर झालंय, इसार (आगाऊ रक्कम) दिलाय, आता जमीन आपलीच. तसं नसतं! १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की नुसत्या साठेखताने जमिनीत कसलाच हक्क तयार होत नाही, मालकी येते ती खरेदीखताने (प्रत्यक्ष विक्रीच्या दस्ताने) च, सुप्रीम कोर्टानेही २०११ ला सूरज लॅम्प केसमध्ये हेच सांगितलं. मालक फिरला तर खरेदीखत करून मिळावं म्हणून दिवाणी कोर्टात दावा टाकायचा, तोही ३ वर्षांत, करारात खरेदीची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर मालकाने नकार दिल्याचं कळल्यापासून. आणि उरलेली रक्कम द्यायला आपण कायम तयार होतो हे दाखवावं लागतं, लोक इथंच मार खातात. नोटीस, पोचपावती, बँक स्टेटमेंट सगळं जपून ठेवा.