मायणी-येरळवाडीचे पाणपक्षी आणि कॅमेऱ्याचं अंतर

हिवाळा सरता सरता सातारा जिल्ह्यातल्या मायणी आणि येरळवाडीच्या तलावांच्या काठावर लांबलचक लेन्स घेतलेली माणसं दिसू लागतात. रोहित (फ्लेमिंगो) आले का, पाणी किती उतरलंय, ही चौकशी वडूज-विट्यापासून सातारा-सांगलीपर्यंत चालते. पक्षी जवळून टिपण्याच्या या ओढीमागे दोन इतिहास आहेत. एक पाण्याचा, दुसरा कॅमेऱ्याचा.

खटाव, माण, आटपाडी हा पर्जन्यछायेतला पट्टा. मायणीचा तलाव ब्रिटिश अमलात शेतीच्या पाण्यासाठी झाला. माणगंगेवरच्या राजेवाडी तलावामागेही दुष्काळच आहे. येरळेवरचं येरळवाडी धरण बरंच नंतरचं. यातलं एकही पाणी पक्ष्यांसाठी अडवलेलं नाही. तरी गाळ साचून ती उथळ झाली आणि रोहितांच्या सोयीची ठरली. रोहित चोच उलटी धरून पाणी गाळून खातो, त्याला उथळ पाणी आणि मऊ चिखल लागतो. पण पाणी ओसरलं की मागे उघडा गाळ राहतो. तिथे झुडूप नाही, आडोसा नाही. माणूस चालत निघाला की पक्ष्यांना तो फार लांबून दिसतो. इथला फोटो अवघड होतो तो यामुळे.

जवळ जाण्याची विद्या मुळात शिकाऱ्यांची. इंग्लंडच्या रिचर्ड आणि चेरी किअर्टन या भावांनी ती कॅमेऱ्यासाठी वापरली. १८९५ मध्ये त्यांनी पक्ष्यांच्या घरट्यांवर छायाचित्रांचं पुस्तक काढलं. पुढे तर त्यांनी पोकळ सांगाड्यावर बैलाचं कातडं चढवलं आणि आत कॅमेरा घेऊन बसू लागले. आजचं कापडी लपण, म्हणजे आत बसून पक्षी टिपायचा आडोसा, त्याच कल्पनेतून आलंय. आपल्याकडे ई. एच. एन. लोथर यांच्यासारख्या छायाचित्रकारांनी घरट्यांजवळ अशीच लपणं उभारून काम केलं.

तेव्हा दुसरा इलाजही नव्हता. ५० मिमीच्या लेन्सने दोन मीटरवरून फ्रेममध्ये जेवढं मावतं, तेवढंच ५०० मिमीच्या लेन्सने वीस मीटरवरून मावतं. लांब लेन्स हाती येईपर्यंत माणसालाच सरकत जावं लागे. फिल्मच्या काळात तर एका रोलमध्ये छत्तीसच फोटो, म्हणून प्रत्येक क्लिक जपून व्हायची. डिजिटल कॅमेऱ्याने तो हिशेब संपवला. हौस वाढली, याचा मला मनापासून आनंद आहे. गावोगावच्या पोरांना आता थापट्या आणि चक्रवाक ही बदकं ओळखू येतात. पण लेन्स लांब होऊनही माणसं मागे सरली नाहीत, हे खटकतं.

रोहिताला उडताना आधी पाण्यावरून धावावं लागतं. ‘फ्लाइट शॉट’साठी, म्हणजे उडतानाच्या फोटोसाठी, थवा उठवला की त्याचं खाणं तुटतं आणि साठवलेली ताकद वाया जाते. ड्रोनने तर काठावर न जाताही हे करता येतं. टिटवीचं याहून नाजूक. ती उघड्या जमिनीवर अंडी घालते, ती गार राहावीत म्हणून पोटाची पिसं भिजवून आणते आणि रणरणत्या उन्हात अंड्यांवर सावली धरून उभी राहते. आपण घरट्यापाशी ठाण मांडलं की ती लांबून ओरडत राहते आणि तेवढा वेळ अंडी उन्हात भाजतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना त्रास देणं घातलं आहे, ते उगाच नाही.

२०२१ मध्ये मायणी परिसरातल्या पाणवठ्यांना पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. तो कागदावर राहू नये असं वाटत असेल, तर काठावर ठरावीक जागी पक्की लपणं हवीत. पक्षी यायच्या आधीच, म्हणजे अंधारात, आत जाऊन बसायचं आणि ते पांगल्यावर बाहेर पडायचं, ही किअर्टन भावांच्या काळापासूनची शिस्त तिथे लावता येईल. गाळपेर करणारे, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या गाळात पीक घेणारे शेतकरी रोज काठावर असतात. जागा कुठल्या निवडाव्यात, हे आधी त्यांना विचारावं.