अर्धशिशीचं ऑपरेशन: टेबलावर येण्याआधी वाचा

अर्धशिशीवर मेंदूचं ऑपरेशन होत नाही. होतं ते कवटीच्या बाहेर, कपाळ, कानशील किंवा डोक्याच्या मागच्या भागातल्या बारीक मज्जातंतूंचं, ज्यांना आपण बोलताना नस म्हणतो. दुखणं उठतं तिथे एखादी नस स्नायूत, हाडाच्या खोबणीत किंवा धमनीला खेटून दबत असेल, तर ती मोकळी करायची. नाकाच्या आतलं वाकडं हाड टोचत असेल, तर ते सरळ करायचं. आमच्या नागपूरच्या सेंटरला फोन करणाऱ्या बऱ्याच जणांना या ऑपरेशनची गरज नसते.

आधी मोजणी करा. तीन महिन्यांहून जास्त काळ, महिन्यातले 15 किंवा अधिक दिवस डोकं दुखत असेल आणि त्यातल्या किमान 8 दिवसांत ठणका, मळमळ, उजेड-आवाज सहन न होणं अशी अर्धशिशीची लक्षणं असतील, तर तिला जुनाट म्हणतात. उलटी झाली की बरं वाटतं म्हणून वर्षानुवर्षं ‘पित्ताचं डोकं’ समजून काढलेलं दुखणंही पुष्कळदा हेच असतं.

डायरीत गोळ्याही लिहा. मेडिकल स्टोअरमधून आणलेली मिश्र (एकाहून जास्त औषधं असलेली) वेदनाशामक किंवा ट्रिप्टान (अर्धशिशीचा झटका थांबवणारी) गोळी महिन्यात 10 दिवस, नुसती पॅरासिटामॉल 15 दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. अशा माणसाची नस मोकळी करूनही उपयोग होत नाही, दुखण्याचं मूळ गोळ्यांच्या पानात असतं. प्रोप्रानोलॉल, अॅमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट, फ्लुनारिझिन यांसारखी रोजची औषधं न्यूरोलॉजिस्टच्या देखरेखीखाली पुरेशा डोसमध्ये दोन-तीन महिने घेतल्याशिवाय ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणू नका. ती सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात सुरू केली की धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी डॉक्टरांकडे, याने फरक पडत नाही. फाईल मात्र घेऊन या.

ऑपरेशनच्या अलीकडची पायरी बोटॉक्सची, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनची. ठरलेली पद्धत अशी: कपाळ, कानशील, डोक्याचा मागचा भाग, मान आणि खांदे मिळून 31 जागी 5-5 युनिट, एकूण 155 युनिट, दर 12 आठवड्यांनी. सुरकुत्यांसाठी कपाळावर चार टोचण्या घेतल्या म्हणजे हा उपचार झाला असं नाही. एका फेरीवरून निकालही लावू नये.

एवढं करूनही दुखणं राहिलं, तर आम्ही एकच प्रश्न विचारतो: सुरुवात कुठून होते? एका बोटाने दाखवा. तळहात सगळ्या डोक्यावरून फिरवणाऱ्याला आम्ही सहसा ऑपरेशन सुचवत नाही. भुवईच्या आतल्या टोकापासून हाडाच्या कडेने बोट हळूच बाहेर सरकवा. नाकाच्या मध्यरेषेपासून साधारण अडीच-तीन सेंटिमीटरवर पुष्कळांना बारीक खाच लागते. कपाळाची नस तिथूनच वर चढते. ती दाबताच ओळखीचं दुखणं उठलं, तर पुढची तपासणी करण्यात अर्थ आहे. मागची नस डोक्यामागच्या उंचवट्याखाली सुमारे 3 सेंटिमीटर आणि मध्यापासून दीड सेंटिमीटर बाजूला स्नायूतून बाहेर पडते.

मग त्या जागी बधिर करण्याचं इंजेक्शन देतो. त्यासाठी डोकं दुखत असतानाच या. दुखत नसताना दिलेल्या इंजेक्शनवरून काहीच कळत नाही. काही तास दुखणं उतरलं तर ती जागा बरोबर असण्याची शक्यता वाढते, खात्री मिळत नाही.

कपाळासाठी वरच्या पापणीच्या घडीतून छेद घेऊन भुवई आकसणारा स्नायू काढतात आणि खाच मोकळी करतात. मागच्या बाजूला नसेला वेढणाऱ्या स्नायूचा तुकडा काढून नसेखाली चरबीची गादी सरकवतात. कानशिलातली छोटी नस बहुधा कापूनच टाकतात, त्यामुळे तिथला थोडा भाग बधिर राहतो.

फायद्याबद्दल डॉक्टरांत एकमत नाही. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या डॉ. बहमन गुयुरॉन यांच्या 2009च्या अभ्यासात 75 रुग्ण होते. खऱ्या ऑपरेशनने 83.7 टक्के लोकांचा त्रास निम्म्याने किंवा त्याहूनही जास्त उतरला, पण नुसता छेद देऊन शिवलेल्यांतही 57.7 टक्के लोकांना तेवढाच फरक पडला. पूर्ण थांबलेल्यांत मात्र अंतर मोठं होतं: 57.1 विरुद्ध 3.8 टक्के. अमेरिकन हेडेक सोसायटी या डोकेदुखीच्या डॉक्टरांच्या संघटनेने 2013 मध्ये हे ऑपरेशन संशोधनाबाहेर करू नये असं सांगितलं, तर प्लास्टिक सर्जन त्याच्या बाजूने आहेत. हृदयातलं छिद्र बंद केल्याने अर्धशिशी जाते असं कुणी सांगितलं तर सावध राहा. मोठ्या चाचण्यांत ते मुख्य कसोटीवर उतरलं नाही.

बधिरपणा, खाज आणि मुंग्या काही आठवडे ते काही महिने राहू शकतात. जंतुसंसर्ग, रक्तस्राव, व्रणाभोवती केस विरळ होणं, दोन भुवया कमी-जास्त दिसणं, नसेच्या टोकाला दुखरी गाठ येणं हे धोके आहेत. एक जागा शांत झाल्यावर दुसरी बोलू लागते, हेही होतं. पहिले तीन महिने चढ-उतार चालतात, त्यावरून यश-अपयश ठरवू नका.

विमा असेल तर पूर्वमंजुरी लेखी घ्या. पॉलिसीतल्या ‘सिद्ध न झालेले उपचार’ आणि ‘सौंदर्य शस्त्रक्रिया’ या कलमांवर दावा अडतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

अचानक, आयुष्यात कधी नव्हे इतकं जोरात डोकं दुखलं, तापासोबत मान आखडली, हातपाय लुळे पडले किंवा पन्नाशीनंतर नव्यानेच दुखणं सुरू झालं, तर आमच्याकडे येऊ नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा.

मागच्या बाजूचं ऑपरेशन नागपुरात शक्यतो एप्रिल-मे टाळून करा. उन्हात डोक्याला घट्ट बांधलेला दुपट्टा आणि वरून हेल्मेट, दोन्ही नेमके त्याच टाक्यांवर येतात आणि घामाने जखम ओली राहते. टाके निघेपर्यंत दुचाकी बंद.