फ्रेडी मर्क्युरी : अखेरचे आजारपण आणि वारसा

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी (५ सप्टेंबर १९४६ – २४ नोव्हेंबर १९९१) यांचा मृत्यू एड्समुळे जडलेल्या न्यूमोनियाने झाला. मूळ नाव फारुख बलसारा. जन्म झांझिबारमधील गुजराती पारशी कुटुंबात, शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तिथल्या मुलांच्या ‘द हेक्टिक्स’ बँडमध्ये ते पियानो वाजवत.

क्वीनबरोबरची त्यांची शेवटची मैफल ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थला झाली. एचआयव्हीचे निदान झाले ते १९८७ मध्ये. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ (२०१८) या चित्रपटात ते १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधी मैफलीआधी दाखवले आहे, ते खरे नव्हे. त्या काळी एचआयव्हीवर एझेडटी हे एकच मान्यताप्राप्त औषध होते. रुग्णांचे आयुष्य खऱ्या अर्थाने वाढवणारी संयुक्त औषधयोजना १९९६ च्या सुमारास आली, म्हणजे मर्क्युरी गेल्यानंतर पाच वर्षांनी.

खंगत चाललेल्या मर्क्युरींच्या मागे वृत्तपत्रांचे छायाचित्रकार हात धुऊन लागले होते. आजाराची वाच्यता मात्र जवळच्या मोजक्या माणसांपलीकडे झाली नाही. हे मौन अनेकांना खटकले, पण त्यामुळेच त्यांना गाता आले, हेही विसरता येत नाही. ‘द शो मस्ट गो ऑन’च्या वरच्या पट्टीतल्या जागा त्यांना झेपतील का, अशी शंका गिटारवादक ब्रायन मे यांना होती. मर्क्युरींनी व्होडकाचा घोट घेतला आणि गाणे गाऊन टाकले, असे मे सांगतात. गाण्यात थकव्याचा मागमूसही नाही. मे १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे ‘मदर लव्ह’चे ध्वनिमुद्रण चालू होते. शेवटचे कडवे गाण्याइतकी ताकद मर्क्युरींमध्ये उरली नाही. ते कडवे पुढे मे यांनी गायले आणि गाणे ‘मेड इन हेवन’ (१९९५) या अल्बममध्ये आले. मे १९९१ मध्येच चित्रित झालेला मर्क्युरींचा अखेरचा व्हिडिओ कृष्णधवल ठेवला गेला, कारण रंगीत चित्रणात चेहऱ्याची रया गेलेली लपली नसती.

२३ नोव्हेंबरला निवेदन निघाले : आपल्याला एड्स झाला आहे, जवळच्यांच्या खासगीपणासाठी ही गोष्ट आजवर गुप्त ठेवली. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी लंडनमधील केन्सिंग्टनच्या राहत्या घरी त्यांनी प्राण सोडला. वय अवघे ४५. २७ तारखेला पारशी धर्मगुरूंच्या प्रार्थनांसह दहनसंस्कार झाला.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे गाणे त्या डिसेंबरात पुन्हा बाजारात आले, ब्रिटनमध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेले आणि त्याचे उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला मिळाले. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्बली स्टेडियममध्ये सुमारे ७२,००० श्रोत्यांसमोर स्मृतिमैफल झाली. तिच्या उत्पन्नातून उभा राहिलेला मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट जगभरातील एचआयव्हीविषयक कामांना निधी देतो. एड्सचे नाव घ्यायलाही लोक कचरत, त्या काळात घराघरांत आवाज पोचलेल्या गायकाचा हा मृत्यू आजाराविषयी उघडपणे बोलायला लावणारा ठरला. संगीतातल्या त्यांच्या स्थानाइतकाच हा वारसाही मोलाचा आहे.

अस्थी त्यांची जिवलग मैत्रीण मेरी ऑस्टिन यांच्या स्वाधीन करण्यात आल्या. त्या कुठे विसावल्या, हे ऑस्टिन यांनी जाहीर केलेले नाही. चाहते फुले वाहतात ती माँत्रोच्या सरोवरकाठी, १९९६ मध्ये उभारलेल्या पुतळ्यापाशी.