टॅटू आणि परमनंट मेकअप स्टुडिओची आरोग्य नोंदणी: पात्रता, कागदपत्रे आणि तपासणी

भुवयांचं मायक्रोब्लेडिंग (बारीक ब्लेडने कातडीत रेघा काढून रंग भरणं), ओठांना रंग, कायमचं आयलायनर अशी कामं करणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं, ब्यूटी पार्लरचा परवाना असला की भागलं. भागत नाही. सुई किंवा ब्लेड कातडीत शिरलं की प्रश्न रक्ताचा होतो, आणि मग भुवई आणि पाठीवरचा टॅटू यांत आरोग्य विभाग फरक करत नाही. वेल्समध्ये नोव्हेंबर 2024 पासून सक्तीचा परवाना आला, तेव्हा टॅटू, सेमी-परमनंट मेकअप, पिअर्सिंग, अ‍ॅक्युपंक्चर आणि इलेक्ट्रोलिसिस (सुईतून वीज सोडून केस काढणं) ही सगळी कामं एकाच यादीत होती. तेव्हा अर्जात कामाचं वर्णन करताना ‘सौंदर्योपचार’ असं गुळमुळीत लिहू नका. कोणतं काम, शरीराच्या कोणत्या भागावर आणि कशाने करणार, ते स्पष्ट लिहा.

जिथे नियमन नीट आहे तिथे सहसा दोन परवानग्या लागतात: एक काम करणाऱ्या माणसाची, दुसरी जागेची. एका स्टुडिओत तिघं काम करत असतील तर जागेची नोंदणी एक आणि माणसांची तीन. चार दिवसांसाठी येणारा पाहुणा कलाकारही यातून सुटत नाही. अर्ज बहुतेक ठिकाणी स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आरोग्य विभागाकडे जातो. जागेचा करार करण्यापूर्वीच तिथे जाऊन तपासणीची यादी मागून घ्या. फरशी, नळ आणि प्रकाशयोजना नंतर बदलणं फार महागात पडतं.

पात्रतेत वयाची अट साधारण 18 पूर्ण अशी असते. त्यानंतर रक्तातून पसरणाऱ्या संसर्गांबाबतचं प्रशिक्षण. टॅटू शिकवणाऱ्या क्लासचं प्रमाणपत्र वेगळं आणि हे वेगळं. पहिलं जोडून दुसरं विसरल्यामुळे अर्ज अडकतात. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्रही काही ठिकाणी मागतात.

हिपॅटायटिस बी लशीचा पुरावा मात्र आधीपासून हाताशी हवा. लशीचे नेहमीचे तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी असतात, म्हणजे आज सुरुवात केली तरी अर्धं वर्ष जातं. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्ततपासणी करून घ्यावी. प्रतिपिंडांची पातळी 10 mIU/mL किंवा त्याहून जास्त आली की संरक्षण मिळालं असं धरतात. ही अट केवळ कागदासाठी नाही. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रक्ताची सुई टोचली तर हिपॅटायटिस बी होण्याचा धोका 6 ते 30 टक्के असतो. हिपॅटायटिस सीचा तोच धोका नव्या अंदाजानुसार सुमारे 0.2 टक्के (पूर्वी 1.8 धरत) आणि एचआयव्हीचा 0.3 टक्के आहे. शिवाय बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस तग धरतो. पुसायची राहून गेलेली खुर्चीची कड म्हणूनच धोक्याची.

आता कागदपत्रं. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो, जागेचा भाडेकरार किंवा मालकीहक्क, प्रशिक्षण आणि लशीचे दाखले हे सगळं नेहमीचं. जागेचा नकाशा जोडताना हात धुण्याचं बेसिन, कामाची खुर्ची, स्वच्छ साहित्याचं कपाट आणि वापरलेली हत्यारं धुण्याची जागा दाखवा. हात धुण्याचं बेसिन आणि हत्यारं धुण्याचं सिंक एकच असेल तर नकाशा तिथेच परत येतो. धारदार आणि रक्त लागलेला कचरा कोण उचलणार, त्या संस्थेबरोबरचा करार लावा. ग्राहकाच्या संमतीपत्राचा कोरा नमुना जोडा. त्यात वय, गर्भारपण, मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधं, अ‍ॅलर्जी, केलॉइडची (जखमेचा व्रण फुगून वाढण्याची) प्रवृत्ती हे रकाने हवेत. ओठांचं काम करत असाल तर ओठांवर पूर्वी नागीणसदृश फोड येत होते का, हेही विचारा, कारण सुईने त्या फोडांचा विषाणू पुन्हा उफाळू शकतो. सुई टोचली तर काय करायचं, याची लेखी कार्यपद्धतीही लागते: जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुणं, लगेच डॉक्टर गाठणं आणि घटनेची नोंद. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, म्हणून दवाखान्याचं नाव आणि फोन नंबर त्याच कागदावर लिहून ठेवा.

शाईची बिलं जपून ठेवा, बॅच नंबरासकट. 2011-12 मध्ये न्यूयॉर्क राज्यात टॅटूनंतर मायकोबॅक्टेरियम चेलोनी या जंतूचा संसर्ग झालेले रुग्ण आढळले. माग काढत गेल्यावर तो आधीच पातळ केलेल्या राखाडी शाईपर्यंत पोहोचला. स्टुडिओत स्वच्छता पाळूनही बाटलीतूनच जंतू येऊ शकतो, हे तिथे दिसलं. म्हणून शाई पातळ करायची तर निर्जंतुक पाणीच घ्या. डिस्टिल्ड पाणी निर्जंतुक नसतं. कोणत्या ग्राहकाला कोणती बॅच वापरली हे संमतीपत्रावर लिहिलं असेल, तर अशा वेळी शोध काही तासांत लागतो. युरोपीय संघाने तर जानेवारी 2022 पासून शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या आहेत. तिथे शाईच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा तपासलं जातं.

ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करणारं यंत्र) वापरत असाल तर त्याची वही हा सगळ्यात बारकाईने पाहिला जाणारा दस्तऐवज आहे. तारीख, फेरीचा क्रमांक, तापमान, वेळ, आत काय ठेवलं आणि कोणी चालवलं, एवढं प्रत्येक फेरीला लिहायचं. पाऊचवरची पट्टी रंग बदलते तेव्हा एवढंच कळतं की पाऊच त्या उष्णतेतून गेलं. आतलं हत्यार निर्जंतुक झाल्याची खात्री बीजाणू चाचणीनेच (चिवट जंतूंचे बीजाणू आत ठेवून ते मेले का पाहणं) होते, आणि तिचे अहवाल मागतात. अल्ट्राव्हायोलेट कपाट, पाण्यात उकळणं किंवा अल्ट्रासोनिक क्लीनर यांना कोणी निर्जंतुकीकरण म्हणून धरत नाही. नव्याने सुरू करणाऱ्यांना माझा सल्ला आहे की, शक्य तितकं सगळं एकदाच वापरून टाकायचं घ्या. मग वहीऐवजी सुया-कार्ट्रिजची (कार्ट्रिज म्हणजे मशीनला लावायची सुईची नळी) बिलं, लॉट नंबर आणि मुदत दाखवली की काम होतं.

तपासणीच्या दिवशी बहुतेक अधिकारी एकदा मांडणी करून दाखवायला सांगतात. इथे परमनंट मेकअपवाले एका ठरावीक जागी अडकतात: भुवया आखायची पेन्सिल. तीच पेन्सिल, तेच शार्पनर, सकाळपासून प्रत्येक चेहऱ्यावर. सुई नवी असते, हातमोजे नवे असतात, पण सुई ज्या रेषेवरून जाणार ती रेषा आदल्या ग्राहकाच्या कातडीला लागलेल्या टोकाने काढलेली असते. प्रत्येकीसाठी वेगळी पेन्सिल ठेवा आणि काम झालं की टाकून द्या. बधिर करणाऱ्या क्रीमच्या डबीचंही तसंच. कामाच्या मध्ये, कातडी उघडी असताना, हातमोज्याचं बोट पुन्हा डबीत गेलं की अख्खी डबी बाद. लागेल तेवढं क्रीम आधीच स्पॅच्युलाने वेगळं काढून ठेवा.

मशीन, तिची वायर, स्प्रेची बाटली आणि दिव्याची दांडी यांवर प्लॅस्टिकचं आवरण आहे का, हे पाहिलं जातं. कार्ट्रिजला आतून पडदा आहे का, हेही विचारतात. पडदा नसेल तर रक्तमिश्रित शाई उलट मशीनमध्ये जाते. मधेच फोन उचलून ‘आधीचा-नंतरचा’ फोटो काढला तर हातमोजे बदलावेच लागतात. जंतुनाशक मारून लगेच कोरडं पुसून घेणं ही फार पसरलेली सवय आहे. बाटलीवर लिहिलेला वेळ पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे, आणि तो वेळ किती, हे तुम्हाला तोंडी विचारतील. सुयांचा डबा टणक, झाकणाचा आणि हाताच्या अंतरावर हवा. तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा.

त्रुटी निघाल्या तर लेखी यादी आणि दुरुस्तीची मुदत मिळते. दुरुस्तीचे फोटो आणि बिलं जोडून फेरतपासणी मागा, नव्याने अर्ज करायची गरज सहसा पडत नाही. घरातल्या खोलीत काम करणार असाल तर ती खोली फक्त याच कामाची, स्वयंपाकघर आणि पाळीव प्राण्यांपासून वेगळी, आणि धुता येईल अशा फरशीची हवी. प्रदर्शनात किंवा टॅटू मेळाव्यात स्टॉल लावायचा असेल तर तात्पुरती परवानगी वेगळी काढा. स्टुडिओचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही.

प्रमाणपत्र दर्शनी भागात लावा आणि त्यावरची मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधी नूतनीकरणाला द्या, कारण प्रशिक्षणाचा दाखला बहुधा त्याआधीच जुना झालेला असतो. जागा बदलली, नवा कलाकार आला किंवा यादीत नसलेलं एखादं काम सुरू करायचं ठरलं, तर पहिला ग्राहक घेण्याआधी कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्या.