जिंकता येतं म्हणून कला नाही?

‘व्हिडिओ गेममध्ये नियम, गुण आणि हार-जीत असते, म्हणून ती कला नव्हे,’ हे वाक्य आजही सर्रास ऐकू येतं. त्याला वजन आलं अमेरिकी चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांच्यामुळे. गेम कधीच कला होऊ शकणार नाहीत, असं त्यांनी एप्रिल २०१० मध्ये लिहिलं. पण जुलैमध्ये त्यांनीच कबूल केलं, की गेमची नीट ओळख नसताना आपण हे बोलायला नको होतं. ही कबुली मात्र फारशी कुणी सांगत नाही!

मुळात तो निकषच लंगडा आहे. वरून पडणारे ठोकळे रचून ओळी भरायच्या टेट्रिस या गेमचंच बघा. मूळ खेळात ठोकळे पडतच राहतात, वेग वाढत जातो आणि शेवटी हरायचंच असतं. ती वाढती घालमेल चित्रातून किंवा कथेतून येत नाही, नियमांतूनच येते. कवीला वृत्त, तसे गेम रचणाऱ्याला नियम.

२०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने टेट्रिस, पॅक-मॅनसह १४ गेम संग्रहात घेतले. गेमप्रेमी हा पुरावा उत्साहाने नाचवतात, पण जरा थांबा: ते घेतले गेले संवादी डिझाइनचे, म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यातल्या देवाणघेवाणीच्या रचनेचे, नमुने म्हणून. आणि प्रत्येक गेम कला असतो, असं तर कुणीच म्हणत नाही. प्रत्येक चित्रपट तरी कुठे असतो?