जुलाब कधी सुरू झाले?

जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात कोविडचा त्या देशातला पहिला रुग्ण दाखल झाला. खोकला, ताप होताच. शिवाय दोन दिवसांपासून मळमळ आणि उलट्या होत होत्या. दाखल झाल्यावर दुसऱ्या दिवशी जुलाब झाले. शौचाचा नमुना तपासला, तर त्यात विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, सापडलं.

याचं तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटलं. खरं तर २००३ मध्येच सार्सने, म्हणजे कोविडच्याच कुळातल्या विषाणूमुळे होणाऱ्या श्वसनाच्या आजाराने, हे दाखवून दिलं होतं. हाँगकाँगच्या अ‍ॅमॉय गार्डन्स या वसाहतीत ३०० हून अधिक रहिवाशांना सार्स झाला, त्यातल्या बहुतेकांना जुलाब होत होते. तिथल्या प्रसारात सांडपाण्याच्या नळांचाही हात असल्याचं तपासात पुढे आलं.

कोविडचा विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-२ या प्रथिनाला चिकटून. लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर हे प्रथिन भरपूर असतं, कारण अन्नातली अमिनो आम्लं शोषून घेण्यात त्याचा वाटा असतो. या पेशी बिघडल्या की पाणी आणि क्षार नीट शोषले जात नाहीत. पण पोट बिघडायला विषाणू आतड्यात शिरलाच पाहिजे असं नाही. कोणत्याही मोठ्या संसर्गात रोगप्रतिकार यंत्रणा जी रसायनं सोडते, ती मेंदूवर परिणाम करून भूक मारतात. फ्लूमध्ये लहान मुलांना उलट्या होणं तर नेहमीचंच.

रुग्ण वॉर्डात आला की खरा गुंता सुरू होतो. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट या अँटिबायोटिकने जुलाब होतात, फ्लूवरच्या ओसेल्टामिविरने मळमळतं, नळीवाटे दिलेलं अन्न काहींना सोसत नाही. अँटिबायोटिक्समुळे आतड्यातले नेहमीचे जिवाणू कमी झाले, की क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल हा जिवाणू डोकं वर काढतो. त्याचे उपचार अगदी वेगळे. उलट गुंगीच्या आणि मॉर्फिनसारख्या औषधांनी आतडी मंदावतात, पोट फुगतं. म्हणून केसपेपरवर नुसतं ‘जुलाब’ लिहून भागत नाही. दाखल होण्याआधीपासून होते, की अँटिबायोटिक सुरू केल्यावर चौथ्या दिवशी लागले, हे माझ्या मते सर्वांत मोलाचं टिपण आहे.

हे विचारलंच गेलं नाही, तर आकडेही फसवे निघतात. चीनमधल्या १,०९९ रुग्णांच्या सुरुवातीच्या अहवालात जुलाब होणारे ४ टक्क्यांहूनही कमी होते. पुढे इतर अनेक रुग्णालयांतून आलेलं प्रमाण याहून बरंच जास्त होतं.

धाप लागलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी श्वासावाटे आणि तापाने आधीच कमी होत असतं. त्यात जुलाब झाले की मूत्रपिंडांवर ताण येतो आणि पोटॅशियम उतरतं. पोटॅशियम फार घसरलं तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, आणि अझिथ्रोमायसिनसारखं, ठोक्यांच्या लयीवर परिणाम करू शकणारं अँटिबायोटिक चालू असेल तर हा धोका वाढतो. पण फुप्फुसं सुजलेली असताना सलाइनही सढळ हाताने देता येत नाही. बायपॅपचा, म्हणजे दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राचा, घट्ट मास्क लावलेल्या रुग्णाला उलटी झाली, तर ती थेट श्वासनलिकेत जाऊ शकते. त्यामुळे मळमळ होतेय एवढं जरी त्याने खुणेने सांगितलं, तरी नर्सला लगेच हालचाल करावी लागते.

घशाचा नमुना निगेटिव्ह आल्यावरही काही रुग्णांच्या शौचात आरएनए सापडत राहतो. ते बहुधा विषाणूचे अवशेष असतात; जिवंत विषाणू शौचातून क्वचितच वेगळा करता आला आहे. तरीही भांडं उचलणाऱ्या कर्मचाऱ्याला हातमोजे मिळालेच पाहिजेत, कारण जुलाबामागे डिफिसिल असेल तर त्याचे बीजाणू अल्कोहोलच्या सॅनिटायझरने मरत नाहीत. तिथे साबण-पाण्यानेच हात धुवावे लागतात.